ताळेबंदाच्या पलीकडचा अहवाल : तेल कंपन्या समाज आणि पर्यावरणाचा हिशेब कसा देतात

तेल कंपनीचा एकही शेअर तुमच्या नावावर नसेल, तर तिचा अहवाल तुम्ही कशाला वाचायचा? प्रश्न रास्त आहे. पण उत्तर देण्याआधी तुमचे पैसे कुठे कुठे गेले आहेत ते पाहू.

तुमच्या पगारातून भविष्य निर्वाह निधीची वर्गणी कापली जात असेल, तर ईपीएफओ ऑगस्ट २०१५ पासून नव्याने जमा होणाऱ्या रकमेचा काही हिस्सा ईटीएफमार्फत शेअर बाजारात गुंतवत आली आहे. सुरुवातीला हा हिस्सा ५ टक्के होता, पुढे तो १५ टक्क्यांपर्यंत गेला. हे ईटीएफ मुख्यतः निफ्टी ५० आणि सेन्सेक्स या निर्देशांकांवर चालतात. सरकारी कंपन्यांच्या सीपीएसई ईटीएफमध्येही त्यातले पैसे गेले आहेत. निफ्टीमध्ये रिलायन्स आणि ओएनजीसी आहेत. सीपीएसई ईटीएफमध्ये ओएनजीसी आणि ऑइल इंडिया आहेत. निर्देशांकावर चालणाऱ्या म्युच्युअल फंडात तुमची महिना ५०० रुपयांची एसआयपी असेल, तर त्यातलेही काही रुपये तेलात जातात. एलआयसीची पॉलिसी असेल, तर एलआयसी ही तेल कंपन्यांची मोठी भागधारक आहे. आणि लाभांश बरा मिळतो म्हणून सरकारी तेल कंपन्यांचे शंभर-दोनशे शेअर बाळगून असलेले निवृत्त खातेदार तर बँकेच्या कुठल्याही शाखेत भेटतात.

म्हणजे तुम्ही तेलाच्या धंद्यात थोडेफार आहातच. या कंपन्यांचा ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक तुमच्या वतीने फंड मॅनेजर वाचत असतो. पण या धंद्यात मोठे नुकसान ज्या गोष्टींमुळे होते, त्या ताळेबंदात बऱ्याचदा नुकसान झाल्यानंतरच दिसतात. त्याआधी त्या तेलविहिरीच्या तोंडाशी, रिफायनरीतल्या एखाद्या टाकीपाशी, किंवा शेजारच्या गावाने दोन वर्षांपूर्वी केलेल्या आणि कोणी न सोडवलेल्या तक्रारीत असतात. त्यांचा हिशेब कंपनी एका वेगळ्या अहवालात देते. हा अहवाल फुकट मिळतो, कोणालाही वाचता येतो, आणि लहान बचतदारांपैकी फारच थोडे तो उघडून पाहतात.

या अहवालांचा इतिहास दोन ओळींत सांगण्यासारखा आहे. मार्च १९८९ मध्ये अमेरिकेतील अलास्काच्या किनाऱ्यावर एक्सॉन वाल्डेझ हे तेलवाहू जहाज खडकावर चढले आणि समुद्रात तेल पसरले. त्याच वर्षी तिथले काही गुंतवणूकदार आणि पर्यावरण संघटना ‘सेरेस’ या नावाने एकत्र आल्या. कंपन्यांनी पर्यावरणाचा हिशेबही जाहीर करावा, अशी त्यांची मागणी होती. त्यातूनच १९९७ मध्ये ‘ग्लोबल रिपोर्टिंग इनिशिएटिव्ह’ उभी राहिली. आज जगभरच्या कंपन्या तिच्या नमुन्यात अहवाल देतात. आपल्याकडे सेबीने २०१२ मध्ये पहिल्या १०० नोंदणीकृत कंपन्यांना असा अहवाल सक्तीचा केला. पुढे त्याचे रूप बदलले. आता त्याला ‘व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल’, इंग्रजी आद्याक्षरांनी बीआरएसआर, म्हणतात. २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० कंपन्यांना तो द्यावाच लागतो. मोठ्या तेल कंपन्या साहजिकच त्यात येतात.

सात वर्षे अपघात नाही

अहवाल कसा वाचावा हे सांगण्याआधी एक उदाहरण थोडे विस्ताराने देतो, कारण कुठल्याही व्याख्येपेक्षा ते जास्त उपयोगी आहे.

ब्रिटनची बीपी ही जगातल्या सर्वांत मोठ्या तेल कंपन्यांपैकी एक. २००० साली तिने हिरव्या-पिवळ्या सूर्यफुलासारखे नवे बोधचिन्ह घेतले आणि आपण ‘पेट्रोलियमच्या पलीकडे’ जात असल्याची जाहिरात सुरू केली. तिचे पर्यावरणविषयक अहवाल त्या काळात चांगल्या अहवालांचे नमुने मानले जात.

२३ मार्च २००५ रोजी अमेरिकेतील टेक्सास सिटी येथील तिच्या रिफायनरीत स्फोट झाला. दुरुस्तीनंतर एक विभाग पुन्हा सुरू करताना एका उंच मनोऱ्यात प्रमाणाबाहेर द्रव भरला गेला. ज्वालाग्राही वाफ बाहेर पडून पेटली. १५ जण मेले, १८० जखमी झाले. मेलेले सगळेच्या सगळे कंत्राटी कामगार होते. त्यांच्या तात्पुरत्या कार्यालयांच्या ट्रेलर गाड्या त्या विभागाच्या अगदी जवळ उभ्या होत्या.

अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. तिचा अहवाल जानेवारी २००७ मध्ये आला. त्यातला एक निष्कर्ष प्रत्येक बचतदाराने लक्षात ठेवावा असा आहे. कंपनी कामगारांच्या वैयक्तिक इजा मोजत होती. कोणी घसरून पडला, कोणाचा हात भाजला, कोणाला रजा घ्यावी लागली, हे सगळे मोजले जात होते आणि हे आकडे वर्षागणिक सुधारत होते. त्यावरून व्यवस्थापनाने समजूत करून घेतली की रिफायनऱ्या सुरक्षित आहेत. पण यंत्रणेची सुरक्षा ही वेगळीच गोष्ट आहे. टाकीतली पातळी दाखवणारे मापक बरोबर चालते का, धोक्याची घंटा वाजते का, दाब वाढला तर वायू सुरक्षित बाहेर काढायची सोय आहे का, या गोष्टी इजांच्या आकड्यांत येत नाहीत. जिना उतरताना कठडा धरा असे सांगून जिन्यावरचे अपघात कमी होतात. त्याने मनोरा ओसंडून वाहायचा थांबत नाही.

त्यानंतर पाच वर्षांनी, २० एप्रिल २०१० रोजी, मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या ड्रिलिंग रिगवर स्फोट झाला. रिग ट्रान्सओशन या कंपनीची होती आणि बीपीने ती भाड्याने घेतली होती. त्या दिवशी दोन्ही कंपन्यांचे वरिष्ठ अधिकारी रिगवर आलेले होते. रिगवर सात वर्षांत एकही कामाचा दिवस बुडवणारा अपघात झाला नव्हता, त्याबद्दल कर्मचाऱ्यांचे कौतुक करणे हाही त्या भेटीचा एक हेतू होता. रात्री ११ कामगार मेले. पुढचे ८७ दिवस समुद्रतळातून तेल वाहत राहिले.

आता हे सारे बचतदाराच्या बाजूने पाहा. ब्रिटनमधल्या मोठ्या कंपन्या मिळून जो लाभांश वाटत, त्यात बीपीचा वाटा फार मोठा होता. त्यामुळे तिथले पेन्शन फंड बीपीवर विसंबून असत. जूनच्या मध्यावर कंपनीने आधीच जाहीर केलेला लाभांश रद्द केला आणि वर्षाच्या पुढच्या दोन तिमाहींचाही दिला नाही. फेब्रुवारी २०११ मध्ये लाभांश पुन्हा सुरू झाला, तो आधीच्या निम्म्याने. शेअरची किंमत दोन-अडीच महिन्यांत जवळजवळ निम्मी झाली होती. भरपाई, दंड आणि साफसफाई मिळून कंपनीचा एकूण खर्च २०१८ च्या सुरुवातीपर्यंत ६,५०० कोटी डॉलरच्या घरात गेला. पेन्शनवर जगणाऱ्या ज्या ब्रिटिश माणसाने मेक्सिकोचे आखात कधी पाहिलेही नाही, त्याचाही पैसा त्यात होता.

‘सात वर्षे अपघात नाही’ हे वाक्य खोटे नव्हते, आकडाही खरा होता. फक्त ज्या धोक्याने रिग बुडाली, तो धोका त्या आकड्यात मोजलाच जात नव्हता.

आपल्याकडच्या अहवालात काय असते

बीआरएसआर वार्षिक अहवालातच जोडलेला असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर, तसेच बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळांवर कंपनीच्या नावापुढे तो मिळतो. तुमच्या नावावर एक शेअर असेल आणि डीमॅट खात्याला ईमेल जोडलेला असेल, तर वार्षिक अहवाल दरवर्षी तुमच्याकडे येतच असतो. बहुतेक जण तो न उघडता पुसून टाकतात. चारशे-पाचशे पानांची फाइल पाहून तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण तुम्हाला त्यातली पंधरा-वीस पानेच पाहायची आहेत.

अहवालाचे तीन भाग असतात. ‘अ’ भागात कंपनीची सर्वसाधारण माहिती, ‘ब’ भागात धोरणे आणि ‘क’ भागात नऊ तत्त्वांनुसार प्रत्यक्ष कामगिरी. ‘ब’ भाग तुम्ही खुशाल ओलांडा. धोरण सगळ्यांचेच चांगले असते. ‘क’ भागात मात्र आकडे असतात, आणि ते दोन वर्षांचे शेजारी शेजारी द्यावे लागतात. तेल कंपनीच्या बाबतीत पहिले, तिसरे, सहावे आणि आठवे तत्त्व महत्त्वाचे.

तिसरे तत्त्व कामगारांचे. इथे दर १० लाख मनुष्य-तासांमागे कामाचा वेळ बुडवणाऱ्या इजा किती, एकूण नोंदलेल्या इजा किती, मृत्यू किती आणि गंभीर परिणामांच्या इजा किती, हे चार आकडे असतात. कर्मचारी आणि कामगार यांचे आकडे वेगवेगळे दिलेले असतात. तेलविहिरीवर, पाइपलाइनवर, टाकी साफ करताना जोखमीचे काम बहुतेक वेळा कंत्राटी कामगार करतात. म्हणून आधी ‘अ’ भागात कायम कामगार किती आणि कायम नसलेले किती ते पाहा. मग तिसऱ्या तत्त्वात मृत्यूंचा आकडा कोणत्या रकान्यात आहे ते पाहा. कर्मचाऱ्यांच्या रकान्यात शून्य आणि कामगारांच्या रकान्यात तीन असे दिसले, तर टेक्सास सिटीच्या त्या ट्रेलर गाड्या आठवा. आणि तळटीप जरूर वाचा. आकडे सर्व प्रकल्पांचे आहेत की काहींचेच, कंत्राटदारांची माणसे धरली आहेत की नाहीत, हे तिथेच लिहिलेले असते.

बेकर समितीने ज्या यंत्रणेच्या सुरक्षेबद्दल सांगितले, तिच्यासाठी बीआरएसआरच्या ठरावीक तक्त्यात वेगळी ओळ नाही. मला ही मोठी उणीव वाटते. टेक्सास सिटीनंतर अमेरिकेत गळती, आग, स्फोट अशा घटना त्यांच्या गांभीर्यानुसार ‘टियर १’, ‘टियर २’ अशा वर्गांत मोजायची पद्धत बसवली गेली. जगातल्या अनेक तेल कंपन्या आता त्या पद्धतीने आकडे देतात. भारतीय कंपनीने स्वतःहून, बहुधा आपल्या स्वतंत्र शाश्वतता अहवालात, हे आकडे दिले असतील तर ती जमेची बाजू समजा. नसतील, तर तो विचारण्याजोगा प्रश्न आहे.

उलाढाल वाढली की धूर ‘कमी’ होतो

सहावे तत्त्व पर्यावरणाचे. इथे ऊर्जा, पाणी, कचरा, हवेतले प्रदूषण आणि हरितगृह वायू यांचे तक्ते असतात. यातली एक गोष्ट वाणिज्य शाखेच्या माणसाला चटकन दिसते आणि इतरांच्या नजरेतून निसटते. म्हणून ती उदाहरणानेच सांगतो.

एक काल्पनिक रिफायनरी कंपनी घ्या. पहिल्या वर्षी तिने १ कोटी टन कच्चे तेल शुद्ध केले, उलाढाल ५०,००० कोटी रुपये झाली आणि २५ लाख टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. म्हणजे दर १ कोटी रुपयांच्या उलाढालीमागे ५० टन. दुसऱ्या वर्षी तेल तितकेच शुद्ध केले, पण जगात तेलाचे भाव चढले आणि उलाढाल ७०,००० कोटी झाली. कार्बन मात्र वाढून २६ लाख टन झाला. आता भागाकार करा. दर कोटीमागे साधारण ३७ टन. कंपनी खुशाल लिहू शकते की आमची ‘उत्सर्जन तीव्रता’ २५ टक्क्यांहून अधिक घटली. प्रत्यक्षात रिफायनरीच्या शेजारी राहणाऱ्याच्या वाट्याला आलेला धूर वाढलेला आहे.

साबण विकणाऱ्या कंपनीच्या बाबतीत हा घोटाळा एवढा मोठा होत नाही, कारण साबणाचा भाव वर्षभरात ४० टक्क्यांनी वाढत नाही. तेलाचा वाढतो. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर ब्रेंट तेल पिंपामागे १२० डॉलरच्या वर गेले होते. भाव उतरले की हेच गणित उलटते आणि काहीही वाईट न करता कंपनीचा आकडा बिघडलेला दिसतो. म्हणून तीव्रतेच्या ओळीवर थांबू नका. तिच्या वरच एकूण टनांची ओळ असते, ती पाहा. शिवाय दर टन उत्पादनामागे किती, हा आकडाही पाहा. आमच्या उदाहरणात तो ०.२५ वरून ०.२६ झाला. म्हणजे कामगिरी किंचित घसरली. खरे चित्र ते.

हरितगृह वायूंच्या तक्त्यात ‘स्कोप १’, ‘स्कोप २’ आणि ‘स्कोप ३’ असे शब्द येतात. स्कोप १ म्हणजे कंपनीने स्वतः जाळलेल्या इंधनाचा धूर. स्कोप २ म्हणजे तिने विकत घेतलेल्या विजेसाठी दुसरीकडे झालेला धूर. स्कोप ३ म्हणजे तिच्या पुरवठादारांचा आणि तिचा माल वापरणाऱ्या ग्राहकांचा धूर, म्हणजे तुमचाही. एक लिटर पेट्रोल जाळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तुमची स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर जात असेल आणि तुम्ही वर्षाला ६,००० किलोमीटर फिरत असाल, तर वर्षाला ३०० किलोच्या आसपास. हे ३०० किलो तेल कंपनीच्या स्कोप ३ मध्ये मोडतात. तेल कंपनीच्या एकूण उत्सर्जनात स्कोप ३ चाच वाटा सर्वांत मोठा असतो. आणि बीआरएसआरमध्ये स्कोप ३ देणे ऐच्छिक आहे.

आता जाहिरातींतली ‘नेट झिरो’ची वर्षे वाचा. ओएनजीसीने २०३८, भारत पेट्रोलियमने २०४० आणि इंडियन ऑइलने २०४६ ही वर्षे जाहीर केली आहेत. ही उद्दिष्टे स्कोप १ आणि २ ची, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या कामकाजाची आहेत. विकलेल्या पेट्रोल-डिझेलच्या धुराची नाहीत. यात कंपन्यांनी फसवले असे मी म्हणत नाही. अहवालात ते स्पष्ट लिहिलेले असते. पण पेट्रोल पंपावरच्या फलकावर तेवढी जागा नसते, आणि आपण फलकच वाचतो.

यात पैशाचा प्रश्नही आहे. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत लोक विजेच्या गाड्यांकडे वळले, तर आज बांधलेल्या रिफायनऱ्यांचे काय होणार, हे स्कोप ३ च्या आकड्याशी जोडलेले आहे. तुमच्या निवृत्तीला वीस वर्षे असतील तर हा प्रश्न तुमचा आहे. दोन वर्षे असतील, तर तुमच्यासाठी सुरक्षेचे आकडे जास्त महत्त्वाचे.

बागजान

२७ मे २०२० रोजी आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यात बागजान येथे ऑइल इंडियाच्या पाच क्रमांकाच्या विहिरीतून वायूचा अनियंत्रित उद्रेक झाला. ९ जूनला विहिरीने पेट घेतला. कंपनीच्या अग्निशमन दलाचे दोन जवान त्यात गेले. आसपासची हजारो माणसे घरे सोडून छावण्यांत राहायला आली, अनेकांची घरे जळाली. एका बाजूला दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यान, दुसऱ्या बाजूला मागुरी-मोटापुंग ही पाणथळ जागा. त्या पाण्यावर मासेमारी करून कुटुंबे जगतात. विहीर पूर्ण आटोक्यात यायला १५ नोव्हेंबर उजाडला. त्याआधी जूनमध्येच राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने कंपनीला सुरुवातीची २५ कोटी रुपयांची रक्कम जमा करण्याचा आदेश दिला होता आणि चौकशीसाठी समिती नेमली होती.

लहान गुंतवणूकदाराला हे कागदावर कुठे दिसले? नफा-तोटा पत्रकात ‘अपवादात्मक बाब’ या ओळीत. शब्द हिशेबशास्त्राच्या दृष्टीने बरोबर आहे. पण ज्यांचे घर जळाले, त्यांच्या दृष्टीने हा शब्द किती कोरडा आहे याचाही विचार करा. आणि गुंतवणूकदार म्हणून ‘अपवादात्मक’ वाचून पान उलटू नका. त्या ओळीपुढे टिपेचा क्रमांक असतो. त्या टिपेवर जा.

इथेच पहिले आणि आठवे तत्त्व कामाला येतात. पहिल्या तत्त्वात वर्षभरात भरलेले दंड, तडजोडीच्या रकमा आणि त्यांवर केलेली अपिले यांचा तक्ता असतो. सहाव्या तत्त्वात पर्यावरण कायद्यांचे पालन झाले नसेल तर त्याची यादी असते. या दोन याद्या घेऊन आर्थिक पत्रकांमधल्या ‘आकस्मिक दायित्वे’ या टिपेशी ताडून पाहा. न्यायालयात अडकलेल्या, पण अजून खर्चात न धरलेल्या रकमा तिथे असतात. एकीकडे ‘सर्व कायद्यांचे पालन’ आणि दुसरीकडे शेकडो कोटींचे पर्यावरणविषयक दावे असे दिसले, तर तेवढा एक प्रश्न पुरेसा आहे. कर्ज देताना बँक कर्जदाराच्या स्टॉक स्टेटमेंटवर डोळे मिटून विश्वास ठेवत नाही. अधिकारी गोदामात जाऊन पोती मोजतो. तुम्हाला रिफायनरीत जाता येणार नाही, पण एका पानाची दुसऱ्या पानाशी गाठ घालता येते.

आठव्या तत्त्वात स्थानिक लोकांचे पुनर्वसन आणि त्यांच्या तक्रारी येतात. ‘अ’ भागातही तक्रारींचा एक तक्ता असतो. स्थानिक समाज, भागधारक, कामगार, ग्राहक अशा प्रत्येकाकडून वर्षभरात आलेल्या तक्रारी आणि वर्षअखेर प्रलंबित राहिलेल्या तक्रारी तिथे दिलेल्या असतात. मोठ्या तेल कंपनीच्या तक्त्यात स्थानिक समाजाच्या तक्रारी ‘शून्य’ दिसल्या, तर आनंद मानण्याआधी थोडे थांबा. रिफायनरीच्या भिंतीला लागून हजारो लोक राहत असतील आणि वर्षभरात एकानेही काही म्हटले नसेल, हे जरा अवघडच. मुंबईत माहुलच्या रहिवाशांनी आपल्या परिसरातल्या हवेबद्दल न्यायाधिकरणाचे आणि न्यायालयाचे दार ठोठावले होते. बडोद्याजवळ कोयलीला, मथुरेला, विशाखापट्टणमला, बरौनीला रिफायनऱ्या आहेत. तुमच्यापैकी काही जण तिथेच राहत असाल. तुमच्या वस्तीतल्या तक्रारीला अहवालात जागा मिळाली का, हे तुमच्याइतके चांगले दिल्ली-मुंबईतल्या विश्लेषकाला सांगता येणार नाही.

रोपे, रुग्णवाहिका आणि शाळेच्या पिशव्या

वार्षिक अहवालाची सर्वांत देखणी पाने सीएसआरची असतात. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. त्यातून चांगली कामे होतात, यात शंका नाही. तेल कंपन्यांनी उभारलेले दवाखाने आणि शिष्यवृत्त्या मी नाकारत नाही. पण हा कायद्याने लावलेला, नफ्यातून केलेला खर्च आहे. नफा कसा मिळवला, हे त्यातून कळत नाही. किती रोपे लावली याच्या शेजारी किती तेल सांडले हा आकडा नसेल, तर रोपांचे पान चाळून पुढे जा.

आकड्यांची तपासणी कोणी केली, हेही बघायचे असते. बीआरएसआरमधल्या निवडक आकड्यांची बाहेरच्या संस्थेकडून तपासणी सेबीने टप्प्याटप्प्याने लागू केली. सुरुवात २०२३-२४ मध्ये पहिल्या १५० कंपन्यांपासून झाली. तपासणीचे प्रमाणपत्र अहवालाच्या शेवटी असते. त्यात ‘वाजवी’ खात्री दिली आहे की ‘मर्यादित’, आणि नेमक्या कोणत्या आकड्यांसाठी, एवढे वाचा. ‘वाजवी’ ही पहिली पायरी वरची. ‘मर्यादित’ म्हणजे तपासनिसाने फार खोलात न जाता, काही गैर आढळले नाही, एवढेच म्हटलेले असते. बाकीची पाने कंपनीचे स्वतःचे म्हणणे आहे असे समजून वाचावीत.

‘ईएसजी’ नावाचे फंड पर्यावरणस्नेही म्हणून विकले जातात. त्यांच्यात तेल कंपनी असणारच नाही, असे गृहीत धरू नका. दर महिन्याला येणाऱ्या फॅक्टशीटमध्ये फंडाच्या गुंतवणुकीची यादी असते. ती पाहूनच ठरवा. या लेखातून अमुक शेअर घ्या किंवा तमुक विका असा सल्ला दिलेला नाही.

प्रश्न कुठे विचारायचा

तुमच्या नावावर एक शेअर असला तरी तुम्ही वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारू शकता. सरकारी तेल कंपन्यांच्या सभा बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये होतात. २०२० पासून कंपन्यांना त्या व्हिडिओद्वारे घेता येतात. त्यामुळे नागपूर, इंदूर किंवा बेळगावातून दिल्लीतल्या सभेत बसता येते. सभेच्या सूचनेत ‘वक्ता म्हणून नोंदणी’ची मुदत आणि ईमेल पत्ता दिलेला असतो. मुदत सभेच्या काही दिवस आधी संपते, म्हणून सूचना आली की लगेच पाहा. प्रश्न लेखीही पाठवता येतो. तो छोटा आणि आकड्याला धरून असावा. ‘तुम्ही पर्यावरणासाठी काय करता?’ असे विचारले तर पाच मिनिटांचे भाषण मिळेल. ‘गेल्या वर्षी कंत्राटी कामगारांचे किती मृत्यू झाले, आणि गळती व आगीच्या घटना किती?’ असे विचारले तर आकडा द्यावा लागेल, किंवा तो दिला नाही हे सभेसमोर येईल.

म्युच्युअल फंडातून गुंतवणूक असेल तर सभेत मत फंड कंपनी देते. सेबीच्या नियमांनुसार तिला आपण कुठल्या ठरावावर काय मत दिले आणि का, हे संकेतस्थळावर जाहीर करावे लागते. त्या यादीत तेल कंपनीचे नाव शोधा. समाधान झाले नाही तर फंडाच्या गुंतवणूकदार सेवा विभागाला ईमेल करा, फोलिओ क्रमांक घालून.